आडनाव कुलकर्णी, नोंदी शेकडो: ग्रंथालयात नेमका लेखक कसा गाठायचा?

प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांनी १९३०च्या आगेमागे नाशिकमधून एक-दोन पुस्तकं छापली होती, एवढंच घरात ऐकून माहीत आहे. आडनाव कुलकर्णी. एकही प्रत उरलेली नाही, पुस्तकांची नावं कुणाला आठवत नाहीत. ग्रंथालयाच्या संगणकावर ‘कुलकर्णी’ टाकलं की नोंदींची रांग संपत नाही. त्यातून आपला माणूस कसा ओळखायचा?

ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून सरळ उत्तर आधी देतो. कुलकर्णी, जोशी, देशपांडे, पाटील, पवार, जाधव यांपैकी आडनाव असेल तर ते सगळ्यात शेवटी वापरायचं. आधी वडिलांचं नाव, छापल्याचं गाव आणि सालाचा अंदाज यांनी ढीग कमी करायचा, मग जे उरेल त्याला आडनाव लावून बघायचं. दुसरं, संगणकावरची नोंद हा पुरावा नव्हे. ती कुणीतरी, कधीतरी, बहुधा घाईत टाइप केलेली असते. पुरावा एकच, पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू.

वडिलांच्या नावाचं महत्त्व मराठीत किती आहे, ते पु. ल. आणि पु. य. यांच्यावरून बघा. दोघंही पुरुषोत्तम, दोघंही देशपांडे, दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार. पु. य. यांना १९६२ साली ‘अनामिकाची चिंतनिका’साठी, पु. ल. यांना १९६५ साली ‘व्यक्ति आणि वल्ली’साठी. एक पुरुषोत्तम यशवंत, दुसरे पुरुषोत्तम लक्ष्मण. मधलं अक्षर गाळून नुसतं ‘पुरुषोत्तम देशपांडे’ असं शोधलंत तर विनोदी लेखक आणि तत्त्वचिंतक कादंबरीकार एकाच रांगेत येऊन उभे राहतात.

कधी मात्र नेमकं उलटं होतं. भगूरच्या सावरकर बंधूंचं घ्या. गणेश, विनायक, नारायण. आडनाव तेच, वडील तेच, तिघांनीही लेखन केलं. इथं वडिलांचा ‘दा.’, म्हणजे दामोदर, काहीच कामाचा नाही. पहिलं अक्षरच निवाडा करतं, ग., वि. की ना. तेही नोंदीत गळून ‘सावरकर’ एवढंच राहिलं असेल तर पुस्तक हातात घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय ‘हिंदुत्व’ हा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यावर सावरकर हे नावच नव्हतं, ‘अ मराठा’ असं होतं. त्या आवृत्तीची नोंद शीर्षकपानाबरहुकूम केली असेल तर आडनावाच्या शोधात ती येणारच नाही.

तेव्हा पहिलं काम घरातलं. पणजोबांचं पूर्ण नाव, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि जमलं तर आजोबांचंही, कागदावर लिहून काढा. वंशावळ नसेल तर जुना सातबारा, घराचा उतारा, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, काहीही चालेल. आणि नाशिकमध्ये तर एक सोय अशी आहे की जी गावोगावी मिळत नाही. कुळाचं मूळ गाव बाहेरचं असेल तर रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण ते विचारा. त्यांच्या वह्यांत गाव आणि आडनाव यांनुसार घराण्यांची नावं लावलेली असतात. यात्रेला किंवा श्राद्धाला कोण आलं, कुणाचा मुलगा, बरोबर कोण होतं, हे तिथीसह लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा खाली त्या माणसाची सहीही असते. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात हा मार्ग सापडणार नाही, पण मधलं नाव पक्कं करायला याच्यासारखं साधन नाही. सही मिळाली तर ते स्वतःचं आडनाव कसं लिहीत तेही कळतं. हे का महत्त्वाचं ते पुढे येतंच.

मधल्या नावाचा आणखी एक उपयोग म्हणजे पिढ्या जोडणं. नाशिकचे नाटककार वसंत कानेटकर हे वसंत शंकर. कवी गिरीश हे शंकर केशव कानेटकर. कुणी न सांगताही बापलेकांचं नातं नावातच दिसतं. रेव्हरंड टिळकांचंही तेच. नारायण वामन, त्यांचे चिरंजीव देवदत्त नारायण, नातू अशोक देवदत्त. बाळ गंगाधरांच्या घराण्याशी गल्लत होण्याचं कारणच उरत नाही. मात्र नुसत्या अक्षरांवर नातं जोडू नका. ‘वि.’ म्हणजे विष्णू, विनायक, विठ्ठल, विश्वनाथ काहीही असू शकतं, ‘गो.’ म्हणजे गोविंद किंवा गोपाळ. अक्षरं जुळली म्हणजे माणूस जुळला असं होत नाही.

ही साखळी तुटते ती दत्तक विधानाने, लग्नाने आणि टोपणनावाने.

दत्तकाचं उदाहरण नाशिककरांना सांगायला नको. तात्यासाहेब शिरवाडकर जन्माने गजानन रंगनाथ; काका वामन यांना दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. इथं आडनाव टिकलं, पण स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं बदलली. त्यावर टोपणनाव. कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने. ड्यूईच्या वर्गीकरणात (विषयाला आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत) मराठी कविता ८९१.४६१ आणि नाटक ८९१.४६२, म्हणजे ‘विशाखा’ एका मांडणीवर, ‘नटसम्राट’ दुसरीवर आणि लेखकाची नावंही दोन. त्यांच्याबाबतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून निभावतं. तुमचे पणजोबा दत्तक गेले असतील तर दत्तकापूर्वीचं एक पुस्तक आणि नंतरचं एक, अशी दोन वेगळ्या माणसांची वाटावीत अशी पुस्तकं निघू शकतात. घरातल्या थोरामोठ्यांना हे आधी विचारून घ्या.

बायकांच्या बाबतीत तर हे कायमचंच. बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची तीन नावं. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं ते तिसऱ्या नावाने. शोध आजीचा किंवा पणजीचा असेल तर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही पूर्ण नावं घेऊनच बसायचं.

आता स्पेलिंगचा घोळ, म्हणजे मराठी आणि रोमन दोन्हींतला. तुमच्याच आडनावापासून सुरुवात करू. जुन्या छपाईत ‘कुळकर्णी’ सर्रास दिसतं. संगणकाच्या लेखी ल आणि ळ ही दोन वेगळी अक्षरं, म्हणून ‘कुलकर्णी’ टाकल्यावर ‘कुळकर्णी’ येत नाहीत. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधायची. इतर आडनावांतही तसंच. सहस्रबुद्धे आणि सहस्त्रबुद्धे, दीक्षित आणि दिक्षित, देशपांडे आणि देशपाण्डे. कानेटकर आणि कानिटकर ही तर मुळात दोन निराळी आडनावं, पण टाइप करणाऱ्याने एकाचं दुसरं केलेलं हमखास आढळतं. नांगरे पाटील यांच्यासारखं दुहेरी आडनाव असेल तर ‘न’खाली आणि ‘प’खाली, दोन्हीकडे बघायचं. ‘पानिपत’कार विश्वास पाटील आणि पोलीस अधिकारी विश्वास नांगरे पाटील यांची पुस्तकं एकाच नावाखाली जायला एक शब्द गळाला तरी पुरतो.

आद्याक्षरांतल्या टिंबांनीही शोध हुकतो. ‘पु.ल.’, ‘पु. ल.’ आणि ‘पुल’ ही तीन रूपं काही प्रणाल्यांना तीन माणसं वाटतात. त्यातून ज्या ग्रंथालयांनी युनिकोडच्या आधी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये नोंदी केल्या आणि पुढे ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालयांच्या संगणक प्रणाल्यांमध्ये नेल्या, तिथं काही नोंदींची अक्षरं पार विस्कटलेली असतात. अशी नोंद मराठी शोधात कधीच येत नाही. ती फक्त दाखल क्रमांकाने, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आलं तेव्हा त्याला दिलेल्या क्रमांकाने, गाठता येते.

एक गंमत सांगतो, ती तुमच्या काळातल्या पुस्तकांना हमखास लागू पडते. त्या वेळी शीर्षकपानावर नावाआधी ‘रा. रा.’ छापायची पद्धत होती, राजमान्य राजेश्री. नोंद करणाऱ्या नव्या मुलाला हे ठाऊक नसतं. तो ती आद्याक्षरं समजतो आणि ‘रा. रा. कुलकर्णी’ नावाचा एक लेखक जन्माला येतो, ज्याच्या नावावर शेतकीपासून वेदान्तापर्यंत कशाचीही पुस्तकं असतात. ‘ह. भ. प.’ (हरिभक्तपरायण) आणि ‘वे. शा. सं.’ (वेदशास्त्रसंपन्न) यांचंही तेच. म्हणून कुलकर्णींच्या यादीत ‘रा. रा.’ दिसले तर ती नोंद उघडून बघाच. तुमचे पणजोबा तिथंच दडलेले असण्याची शक्यता मी मुळीच कमी समजत नाही.

रोमन लिपीतल्या तालिकांचा, म्हणजे ग्रंथालयांच्या पुस्तकयाद्यांचा, नियम मात्र समजून घ्यायला हवा, नाहीतर परदेशातल्या ग्रंथालयांत हाती काहीच लागत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची लिप्यंतराची पद्धत अशी की मराठीत आपण न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहायचा. आपण सहीत कुलकर्णीचं स्पेलिंग के-यू-एल-के असं सुरू करतो, ते तिथं के-यू-एल-ए-के असं होतं. देशपांडेमधला ‘श’ आपण एस-एच लिहितो, तिथं वर खूण असलेला नुसता एस येतो आणि पुढे ए. वर्ल्डकॅटवर (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित तालिका) किंवा मोठ्या विद्यापीठांच्या तालिकांत शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा. खुणा टाइप केल्या नाहीत तरी बहुतेक ठिकाणी चालतं, तो मधला ए मात्र हवा. अशा तालिकांत एकाच नावाचे दोन लेखक वेगळे ठेवायला नावापुढे जन्मसाल लिहितात. जन्मसाल ठाऊक असेल तर निम्मं काम तिथंच होतं. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेली जुनी मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण त्यांची नोंद इतकी ओबडधोबड आहे की लेखकाच्या रकान्यात बघण्यात अर्थ नाही. तिथं पुस्तकाच्या नावातला एखादा शब्द, रोमनमध्ये, दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघायचा.

आता तुमच्या शोधाचा खरा रस्ता. पुस्तक १९३०च्या आसपासचं आहे, म्हणून संगणकाच्या आधी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा, छापला १९४३ साली. सूची वर्गवार आहे, पण लेखकांच्या नावांनीही शोधता येते. कुलकर्ण्यांची रांग तिथंही लांबच आहे, तरी एका माणसाने एका शिस्तीत केलेली असल्यामुळे नावं आणि आद्याक्षरं भरवशाची आहेत. नाशिकला छापलेली आणि मधलं अक्षर जुळणारी पुस्तकं वेगळी उतरवून घ्या. एका बैठकीत होण्यासारखं काम आहे.

दात्यांकडून सुटलेलं पुस्तक दुसऱ्या एका ठिकाणी सापडू शकतं. १८६७च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांचे तक्ते सरकार दर तीन महिन्यांनी काढत असे. त्यांत लेखक, भाषा, विषय, छापखाना, गाव, पानं, आवृत्ती, किती प्रती छापल्या आणि किंमत काय, एवढं सगळं असे. नावं रोमनमध्ये आणि कारकुनाच्या कानाला वाटली तशी, पण गावानुसार चाळता येतं. ‘नाशिक’ दिसलं की थांबायचं.

त्यानंतर प्रत्यक्ष ग्रंथालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. स्थानिक लेखक आपली प्रत गावच्या वाचनालयाला भेट देत, ही तेव्हाची रीतच होती. म्हणून संगणकावर अडून न बसता दाखल नोंदवही बघायला मिळेल का, असं विचारा. ती आडनावाने लावलेली नसते, पुस्तक ज्या दिवशी आलं त्या क्रमाने असते, आणि तुम्हाला हवं आहे नेमकं तेच. १९२८ ते १९३८ एवढीच वर्षं धरा, ‘भेट’ असा शेरा असलेल्या ओळी वाचत जा. कुठल्याही जुन्या वाचनालयात वही नाजूक झालेली असते, ती हाताळायला देणं न देणं ग्रंथपालावर असतं. साल सांगितलंत, कारण सांगितलंत आणि गर्दीची वेळ टाळून गेलात तर नाही म्हणणारे थोडे.

पुस्तक हाती आलं की घाई करू नका. शीर्षकपानावर बहुधा पूर्ण नाव असतं, पुढे ‘बी. ए., एल्एल्. बी.’ किंवा ‘शिक्षक, अमुक शाळा’. पान उलटलं की मुद्रक, छापखाना आणि प्रकाशक. स्वतःच्या पैशाने छापलेल्या पुस्तकात प्रकाशक म्हणून लेखकाचंच नाव आणि राहत्या घराचा पत्ता असतो, घर नंबर, रविवार कारंजा किंवा पंचवटी, असा. हा पत्ता घराच्या जुन्या उताऱ्याशी जुळला की वाद मिटला. खाली ‘आवृत्ती पहिली, शके १८५५’ असं असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे १९३३. प्रस्तावनेखाली माघ किंवा फाल्गुन महिना असेल तर १९३४. अर्पणपत्रिका वाचा, त्यात आईवडिलांची किंवा गुरूंची नावं सापडतात. आणि शेवटचं पान, ‘याच लेखकाची इतर पुस्तके’. दुसरं पुस्तक अनेकदा तिथंच हाती लागतं.

मासिकंही विसरू नका. ‘विविधज्ञानविस्तार’ १९३७पर्यंत चालू होतं. अशा मासिकांतली पुस्तक परीक्षणं, साभार पोच आणि पुस्तकांच्या जाहिराती चाळल्या तर ज्याची प्रत कुठेच नाही अशा पुस्तकाचंही नाव कळतं.

विषयावरून छाटणी करावी का, असं पुष्कळजण विचारतात. चालते तिथं चालते. मुलखातले दोन शरद जोशी भाषेवरूनच वेगळे होतात, एक हिंदीतले व्यंगकार, दुसरे शेतकरी संघटनेचे. पण कुलकर्ण्यांत वा. ल., व. दि., गो. म. आणि द. भि. हे चौघेही मराठी साहित्याचे समीक्षक. आद्याक्षरं नसतील तर विषयाने कसला निवाडा होणार? तुमच्या बाबतीत विषय माहीतच नाही, तेव्हा ‘पणजोबा धार्मिक होते, म्हणजे पुस्तक धार्मिकच असणार’ असं धरून इतर वर्ग सोडून देऊ नका. त्या काळातले शिक्षक अंकगणितही लिहीत आणि आख्यानंही.

माझा एक आग्रह आहे. दोन पुस्तकं एकाच माणसाची ठरवायला नावाशिवाय आणखी एक धागा जुळलाच पाहिजे. पत्ता, पदवी, छापखाना, अर्पणपत्रिकेतलं नाव, काहीही. तो मिळत नसेल तर वहीत दोन माणसं म्हणूनच ठेवा. वेगळे ठेवलेले दोघे पुढे एक करता येतात. एकत्र केलेली नोंद चार ठिकाणी उतरवली गेली की परत वेगळी होत नाही.

हे नुसतं शिस्तीपुरतं नाही. पुस्तक स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवायचं मनात असेल तर हक्काचा प्रश्न येतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. पुन्हा सावरकर बंधूच बघा. गणेश १९४५ साली गेले, नारायण १९४९ साली, विनायक १९६६ साली. म्हणजे हक्क संपण्याची वर्षं अनुक्रमे २००५, २००९ आणि २०२६. लेखक कोणता हे चुकलं तर हिशोबात २१ वर्षांचा फरक पडतो.

पुस्तक सापडलं आणि संगणकावरची नोंद चुकीची निघाली, तर ग्रंथपालांना लेखी अर्ज द्या. सोबत शीर्षकपानाची आणि मागच्या बाजूची झेरॉक्स, दाखल क्रमांक, पणजोबांचं पूर्ण नाव, जन्म आणि निधनाची सालं. तोंडी सांगितलेलं त्या दिवशी ऐकून घेतात, पण टाइप करणाऱ्यापर्यंत पोचतो तो कागदच. आडनावाच्या दोन्ही रूपांखाली, कुलकर्णी आणि कुळकर्णी, नोंद दिसावी अशीही विनंती त्यातच करा. कोहामध्ये लेखकाच्या एका पक्क्या नोंदीला बाकीची रूपं जोडायची सोय असते, ती वापरली की पुढच्या माणसाने कोणतंही रूप टाकलं तरी तो तिथंच पोचतो.